खुपऱ्या: गोळ्या किती वाटल्या ते नको, कोण राहिलं ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण झालं. दोन महिन्यांनी इथिओपियातल्या अम्हारा भागात ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाच्या कामावर जायचंय. महाराष्ट्रात ताज्या ट्रॅकोमाचा रुग्ण मी एकदाही बघितलेला नाही. एका डोसात जंतू मरतो, औषध फुकट मिळतं, मग इतकी वर्षं वाटप करूनही तिथून हा आजार जात का नाही? आणि गेल्यावर मी आधी लक्ष कशावर द्यावं?’

अम्हारात मी सहा वर्षं काढली, त्याआधी काही काळ राजस्थानात. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. तिथल्या तालुका आरोग्य कचेरीत गेलात की ‘किती लोकांना औषध दिलं’ हा आकडा तुम्ही न विचारताच समोर ठेवतील. तुम्ही विचारा, कोण राहिलं? कुठल्या वाडीतली पोरं राहिली, कुठल्या बाईची पापणी राहिली, ऑपरेशन होऊनही कुणाचं दुखणं राहिलं? मी तिथं जे काही शिकले ते या एका प्रश्नाच्या मागे हिंडतच शिकले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच वाटेवर आहे, पण त्यासाठी आधी आजार डोळ्यांसमोर यायला हवा.

आपल्याकडे जुनी माणसं याला खुपऱ्या म्हणतात. पापणी उलटी करायची आणि आतून मोरचुदाचा खडा फिरवायचा, ही एके काळची रीतसर डॉक्टरी होती. ज्यांच्या डोळ्यांत तो खडा फिरला त्यांना म्हातारपणीही ती आग आठवायची. महाराष्ट्रापेक्षा पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात या पट्ट्यात आजाराचा जोर फार मोठा होता. १९६३ साली देशाचा ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या मोठ्या कार्यक्रमात गेला. २०१७ च्या डिसेंबरात सरकारने ताजा ट्रॅकोमा संपल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमा संपवल्याचं प्रमाणपत्र दिलं. तेव्हा तुम्हाला रुग्ण बघायला मिळाला नाही, याचा आनंदच माना.

पण एक गोष्ट लक्षात ठेवून जा. २०१० मध्ये कार निकोबार बेटावर तपासणी झाली तेव्हा नऊ वर्षांपर्यंतच्या जवळपास निम्म्या मुलांच्या पापण्यांत ताजा ट्रॅकोमा सापडला होता. पुढे लागोपाठ तीन वर्षं सगळ्या बेटाला औषध दिलं आणि प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं. बेट लहान, वस्ती मोजकी, घर आणि घर ठाऊक. तीच गोळी, तोच डोस. आता हेच चित्र दोन कोटींहून जास्त लोकांच्या डोंगराळ मुलखात टाकून बघा. अम्हारात असे केबेले आहेत (केबेले म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं सगळ्यात खालचं एकक) की रस्ता जिथं संपतो तिथून चार-पाच तास दऱ्या उतरत आणि चढत चालायचं. पाठीवर गोळ्यांचे डबे, हातात उंची मोजायची काठी.

पहिल्या दिवशी तुम्ही पापण्या उलटायला बसाल. मुलाला खाली पायांकडे बघायला सांगा, वरच्या पापणीचे केस चिमटीत धरा, अंगठ्याने वरून हलका दाब द्या आणि पापणी उलटा. निरोगी पापणी आतून गुलाबी आणि गुळगुळीत असते, उभ्या रक्तवाहिन्या रेघांसारख्या स्पष्ट दिसतात. ट्रॅकोमात तिथं पांढुरके दाणे असतात. आपल्याला उपमा शोधायला लांब जायला नको: भिजून फुगलेला साबुदाणा. पापणीच्या मधल्या भागात किमान अर्ध्या मिलिमीटरचे किमान पाच दाणे असले की ‘टीएफ’ अशी नोंद होते. सूज इतकी वाढली की आतल्या निम्म्याहून जास्त रक्तवाहिन्या झाकल्या जातात, तेव्हा ‘टीआय’. जागतिक आरोग्य संघटनेची ही सोपी प्रतवारी १९८७ पासूनची आहे आणि चांगली शिकवली तर परिचारिकाही ती अचूक करते. पण तुमचा हात आणि नजर बसायला वेळ लागेल. वाळूने लाल झालेला डोळा, वसंत ऋतूतली ॲलर्जी, कडेचे बारीक दाणे हे सगळं ट्रॅकोमात मोजलं गेलं तर तालुक्याचा आकडा फुगतो आणि एका पूर्ण लोकसंख्येला नको असताना औषध जातं. उलट चूक झाली तर औषध थांबतं. म्हणून पाहणीआधी प्रतवारी करणाऱ्यांची परीक्षा घेतात. ती परीक्षा तुम्हीही द्या, तज्ज्ञ म्हणून सूट मागू नका.

एका संसर्गाने कुणी आंधळं होत नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जंतू लहानपणी पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी पापणीच्या आत थोडा व्रण ठेवून जातो. वर्षं जातात, व्रण आवळत जातात. कापडाला आतून टाके घालून दोरा ओढला की कड जशी आत वळते तशी पापणीची कड आत वळते आणि तिचे केस बुबुळावर टेकतात. मिनिटाला पंधरा वेळा पापणी लवते आणि प्रत्येक वेळी केस बुबुळावर घासतात. हळूहळू काचेवर धूर साचावा तसं बुबुळ पांढरं होतं, आणि त्या धुरामागची नजर परत येत नाही. म्हणजे तुमच्यासमोर एकाच गावात दोन वेगळी माणसं असतात: जंतू बाळगणारं तीन वर्षांचं पोर आणि त्याच जंतूची चाळीस वर्षांपूर्वीची किंमत आज मोजणारी त्याची आजी. पोराला गोळी लागते, आजीला सुरी. आजीला गोळी देऊन तिचे केस बाहेर वळत नाहीत आणि तिचं ऑपरेशन केल्याने पोरांमधला संसर्ग थांबत नाही. म्हणून या कामाला चार पाय आहेत. शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सेफ’ म्हणतात.

आता गोळीकडे येऊ. फायझर कंपनी १९९८ पासून या कामासाठी अझिथ्रोमायसिन फुकट देते आणि आजवर शंभर कोटींहून जास्त डोस गेले आहेत. ज्या भागात एक ते नऊ वर्षांच्या मुलांत टीएफचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर, तिथं आजारी कोण हे न बघता सगळ्यांना वर्षातून एकदा औषध: १० ते ३० टक्क्यांपर्यंत तीन वर्षं, ३० च्या वर पाच, ५० च्या वर सात, आणि मग पुन्हा पाहणी. मोठ्या माणसाला एक ग्रॅम, म्हणजे २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. मुलांना वजनकाटा नको, उंचीच्या काठीवर खुणा केलेल्या असतात. सहा महिन्यांखालच्या बाळांना टेट्रासायक्लिनचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. हे शेवटचं वाक्य वाचून तुम्हीच सांगा, शेतात राबणारी कुठली आई सहा आठवडे रोज दोनदा मलम घालेल? ट्यूब देऊन आपण आपली नोंद पूर्ण करतो, बाळ मात्र बहुतेकदा राहिलेल्यांतच जमा असतं.

एका डोसाने बहुतेकांचा जंतू जातो, हे खरं. क्लॅमिडिया या औषधाला दाद देईनासा झाला आहे, असंही दिसलेलं नाही. तरी आजार का परततो? तर जंतूचं घर हे एकेक मूल नसतं, ती सगळी पोरं मिळून असतात. एका पांघरुणात चार भावंडं झोपतात. आई खांद्यावरच्या नेतेल्याने, म्हणजे पातळ पांढऱ्या सुती शालीने, एकाचं नाक-डोळा पुसते आणि त्याच टोकाने दुसऱ्याचा. त्या घरातलं एक पोर वाटपाच्या दिवशी गुरांमागे गेलं आणि राहिलं, तर पावसाळ्याच्या आत बाकीच्या तिघांच्या डोळ्यांत जंतू परत. टक्केवारीत बघाल तर ८० टक्क्यांना औषध पोचलं की उद्दिष्ट पूर्ण. पण राहिलेले २० टक्के सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. ते पुन्हा पुन्हा त्याच घरांत, त्याच टोकाच्या वाडीत सापडतात, आणि दर वर्षी तेच राहतात.

हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या वाटपानंतर मी एका केबेलेच्या वहीची मागच्या वर्षीच्या वहीशी घर-घर ताडून यादी केली. राहिलेल्यांत तीच नावं. कारणं विचारत फिरले. वाटपाचं टेबल चर्चजवळ, मोठ्या झाडाखाली मांडलेलं, आणि ही घरं नाल्यापलीकडे. वाटप बुधवारी, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत बुधवार-शुक्रवार उपासाचे. उपास पाळणारी माणसं दुपार टळेपर्यंत तोंडात काही घेत नाहीत, गोळीही नाही. दुपारनंतर आमचं पथक पुढच्या गावी गेलेलं असायचं. एका घरात मागच्या वर्षी गोळीने उलट्या झालेल्या, त्या बाईला कुणी समजावून सांगितलं नव्हतं की रिकाम्या पोटी असं होऊ शकतं. यातलं काहीही औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही. पुढच्या वर्षी टेबल नाल्यापलीकडेही मांडलं, बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबलो, आणि राहिलेल्यांसाठी आठवड्याने दुसरी फेरी केली. सगळी नाही, पण बरीच नावं यादीतून गेली.

वाटपात एक धोका आहे, तो ठळक सांगते. रडणाऱ्या पोराचं नाक दाबून तोंडात गोळी कोंबू देऊ नका, कधीही. एका शिबिरात माझ्यासमोर दोन-अडीच वर्षांच्या मुलीला असं औषध पाजलं आणि तिचा श्वास अडकला. उपडी करून पाठीवर थापट्या मारल्यावर गोळीचा तुकडा बाहेर पडला, मुलगी वाचली. दर वेळी असं नशीब साथ देईल असं नाही. अशा वाटपात गुदमरून मुलं दगावलेली आहेत. सात वर्षांखालच्या किंवा १२० सेंटिमीटरहून बुटक्या मुलाला पातळ औषधच द्यायचं. घेत नसेल तर थांबायचं, आईला मांडीवर घेऊ द्यायचं, तरी नाही घेतलं तर उद्या. ते पोर राहिलेल्यांच्या यादीत गेलं तरी चालेल, आपण पुन्हा येऊ.

आकड्यांचं चित्र असं. २००६ च्या सुमाराच्या पाहणीत अम्हारात एक ते नऊ वर्षांच्या साठ टक्क्यांहून जास्त मुलांत ताजा ट्रॅकोमा होता. जगात इतकं प्रमाण फार थोड्या ठिकाणी नोंदलं गेलं असेल. मग कार्टर सेंटर ही अमेरिकी संस्था, लायन्स क्लबचा दृष्टिनिधी आणि तिथलं आरोग्य खातं यांनी मिळून सगळ्या प्रदेशात वाटप सुरू केलं. २००८ पासून मलेरिया आणि ट्रॅकोमा एकत्र धरून ‘मालट्रा’ सप्ताह होऊ लागले, एका आठवड्यात जवळजवळ एक कोटी लोकांपर्यंत. २०१० ते २०१५ च्या पाहण्यांमध्ये ते प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर आलेलं दिसलं. निम्म्याहून जास्त उतार, हे मोठं यश आहे आणि ते मी कुणाला हलक्यात घेऊ देणार नाही. पण निर्मूलनाची सीमा ५ टक्क्यांची आहे. काही तालुके तिच्या खाली गेले आणि तिथं वाटप थांबलं. त्यातल्या काहींत दोन वर्षांनी तपासलं तर आजार परत वर आलेला. जिथं सुरुवातच इतक्या उंचावरून झाली तिथं वर्षातून एक डोस पुरत नाही, हे आता सगळे मान्य करतात. म्हणून मुलांना वर्षातून अनेकदा औषध देऊन बघणं चालू आहे. माझा कल त्याच बाजूला आहे: सगळ्यांना एकदा देण्यापेक्षा नऊ वर्षांखालच्यांना तीन-चारदा द्या, कारण जंतू त्यांच्यातच राहतो.

त्यात युद्धाची भर. नोव्हेंबर २०२० ला शेजारच्या टिग्राय प्रदेशात सुरू झालेली लढाई अम्हारात उतरली, आणि ऑगस्ट २०२३ पासून खुद्द अम्हारात संघर्ष पेटला. आरोग्य केंद्रं लुटली गेली, वाटपाच्या फेऱ्या चुकल्या. तुम्ही जाल तेव्हा कुठला तालुका मोकळा असेल ते तिथले सहकारी सांगतील, त्यांचा शब्द शेवटचा माना.

आता शस्त्रक्रिया. नेत्रतज्ज्ञ म्हणून तुमच्या हाताला इथंच सगळ्यात जास्त काम आहे, आणि म्हणून मी इथं थोडं थांबते.

आत वळलेल्या पापणीचं दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त, कारण जन्मभर लहान पोरांना त्याच सांभाळतात. गावात गेलात की म्हाताऱ्या बायकांच्या गळ्याकडे बघा. दोऱ्यात ओवलेला लहानसा लोखंडी चिमटा दिसेल, त्याला अम्हारिकमध्ये वोरेंटो म्हणतात. टोचणारे केस उपटायला. कधी स्वतः, कधी शेजारीण किंवा नात उपटून देते. ज्या बाईच्या गळ्यात वोरेंटो आहे तिचं निदान पापणी उलटून बघायच्या आधीच झालेलं असतं. घरोघर शोधणाऱ्या कार्यकर्तीला मी प्रतवारीचे तक्ते दाखवत बसले नाही. एवढंच सांगितलं, चिमटा कुणाच्या गळ्यात आहे ते बघ, आणि कोण उन्हात तोंडावर शाल ओढून भिंतीकडे तोंड करून बसते ते बघ.

तिथं ही ऑपरेशनं बहुतांशी प्रशिक्षित परिचारक करतात, आणि चांगली करतात. पापणीत भूल देऊन छेद घ्यायचा, कड बाहेर वळवून टाके घालायचे, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. दोन पद्धती चालतात: एकीत पापणीची पूर्ण जाडी कापतात, दुसरीत फक्त आतला थर. इथिओपियातच झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरात केस पुन्हा आत वळण्याचं प्रमाण पहिलीत २२ टक्के आणि दुसरीत १३ टक्के निघालं. तुम्ही दुसरी शिकून जा. तरीही हे आकडे पुन्हा वाचा. उत्तम हातांनीसुद्धा आठात एक पापणी वर्षाच्या आत परत फिरते.

मी एका बाईची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली होती. वय साठीचं असावं. टाके काढायला ती पायी आली, पापणी सुरेख बसलेली. कॉफी पाजल्याशिवाय सोडायला तयार नव्हती, शेणाने सारवलेल्या जमिनीवर गवत पसरून, बिया भाजण्यापासून सगळं. मी नोंदवहीत ‘यशस्वी’ लिहिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामाला त्या वाटेने गेले तर ती अंगणात बसलेली, आणि वोरेंटो गळ्यात. डाव्या पापणीचे बाहेरच्या कडेचे तीन केस पुन्हा आत आले होते. मी विचारलं, मला का नाही कळवलंस? ती म्हणाली, तू एवढ्या लांबून येऊन केलंस, पुन्हा कसं सांगू. ती लाजली होती, माझ्या कामाला नाव ठेवल्यासारखं होईल म्हणून. त्या दिवसापासून मी प्रत्येक ऑपरेशनाआधी स्वतःच सांगू लागले: केस पुन्हा येऊ शकतात, आले तर तो तुझा दोष नाही, आम्हाला निरोप पाठव, पुन्हा करू. आणि सहा महिन्यांनी घरी जाऊन बघणं हा कामाचाच भाग धरला. वेळापत्रकात त्याला जागा नसेल तर भांडून घ्या. एका दिवसात किती ऑपरेशनं केली यावर पथकाची पाठ थोपटली जाते; परत जाऊन किती पापण्या बघितल्या ते क्वचितच कुणी विचारतं. ऑपरेशनानंतर अझिथ्रोमायसिनचा एक डोस द्या, त्याने केस पुन्हा वळण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं इथिओपियातच दिसलं आहे.

नकार देणाऱ्या बायकांवर रागावू नका. शेजारणीची पापणी आखूड होऊन डोळा मिटेनासा झालेला त्यांनी बघितलेला असतो, किंवा गुरं, नातवंडं, कापणी कुणाच्या भरवशावर सोडायची हा प्रश्न असतो. ऑपरेशन नकोच असेल तर चांगल्या टोकाचा चिमटा द्या आणि घरातल्या तीक्ष्ण नजरेच्या पोरीला केस मुळापासून कसा काढायचा ते शिकवा. थोडेच केस असतील तेव्हा हा पर्याय शास्त्रसंमत आहे. पण एक कागदी पळवाट आहे, तिच्यापासून जपा. निर्मूलनाच्या निकषात पंधरा वर्षांवरच्या हजार माणसांत ‘आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेले’ रुग्ण दोनहून कमी हवेत. जिने नकार दिला ती ‘माहीत असलेली’ ठरते आणि गणतीतून वजा होते. नियम योग्य आहे, पण एका तालुक्यात मी पाहिलं की वहीत नकार लिहिलेल्या कित्येकींना कुणी नीट विचारलंच नव्हतं. नकाराच्या यादीतल्या दहा घरी स्वतः जा. त्यातल्या दोघी-तिघी तुमच्यासोबत त्याच दिवशी चालू लागतील.

चेहरा धुणं आणि परिसर. इथं मी तुम्हाला सोपं उत्तर देऊ शकत नाही. डोळ्यांवर बसणारी माशी, मुस्का सॉर्बेन्स, उघड्यावर पडलेल्या माणसाच्या विष्ठेत वाढते. साध्या खड्ड्याच्या संडासात तिची पैदास होत नाही. गांबियातल्या २००४ च्या अभ्यासात फवारणीने माश्या आणि आजार दोन्ही ठळक कमी झाले, संडासांनी थोडे. टांझानियातल्या कोंग्वात चेहरे धुण्याचा आग्रह धरलेल्या गावांत तीव्र आजार घटला. पण अम्हारातच अलीकडे पाणी, साबण, संडास असं सगळं एकत्र देऊन तीन वर्षं तपासलं, तर मुलांच्या डोळ्यांतल्या जंतूंत फरक पडला नाही. एवढ्यावरून कुणी पाणी-संडास सोडा म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. युरोपातून हा आजार प्रतिजैविकं यायच्या आधीच ओसरू लागला होता, तो नळ आणि राहणीमान सुधारल्यानेच. फक्त तीन वर्षांत दिसेल असा तो फरक नाही, एवढं मान्य करून चालावं.

पाण्याबाबत एक करून बघा. डोक्यावर किंवा पाठीवर वीस लिटरचा पिवळा जेरीकॅन घेऊन तासभर चढून आलेल्या बाईला ‘पोरांची तोंडं धुवा’ म्हणणं सोपं असतं. तिच्या मते त्याला पाणी फार लागतं. म्हणून मी अंगणात एक लिटरची बाटली आणि बुडाला भोक पाडलेला डबा घेऊन बसायची आणि एका वेळी एक ओंजळ असं करत गल्लीतल्या जमलेल्या सगळ्या पोरांची तोंडं धुवायची. बाटलीत पाणी उरायचं. बायका ते उरलेलं पाणी उचलून, हलवून बघायच्या. त्यानंतर मला काही सांगावं लागायचं नाही. साबण नसला तरी चालतं, नाकाखालचा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातला चिकटा निघाला पाहिजे.

संडासांचंही असंच. अम्हारात २००४ च्या सुमारास मोहीम निघाली तेव्हा जे लक्ष्य ठेवलं होतं त्याच्या कितीतरी पट खड्डे लोकांनी खणले, आणि त्यामागे बायका होत्या. दिवसाउजेडी आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत थांबावं लागायचं. माशी आणि डोळे ही त्यांची गरज नव्हती, अब्रू होती. आपल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिची गरज कुठली ते ओळखा, तुमचा आजार तिच्या मागून येईल.

किती वर्षं लागतील, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मोरोक्कोने पाच वाळवंटी प्रांतांत काम करून २०१६ मध्ये, घानाने २०१८ मध्ये आणि नेपाळनेही त्याच साली निर्मूलन सिद्ध केलं. २००२ मध्ये जगात दीडशे कोटी लोक धोक्याच्या भागात राहत होते, २०२४ मध्ये तो आकडा दहा कोटींच्या आसपास आला. उरलेल्यांतले साधारण निम्मे एकट्या इथिओपियात. जागतिक लक्ष्य २०३० चं आहे. अम्हारासाठी मला ते अवघड वाटतं आणि तिथल्या सहकाऱ्यांनाही वाटतं. तुमच्या दोन-तीन वर्षांच्या मुदतीत तालुका ५ टक्क्यांच्या खाली आला नाही तर खचू नका, आणि आलाच तर पाहणी वाटपानंतर किमान सहा महिन्यांनी झाली होती ना, ते तपासा.

सोबत न्यायचं: अडीच पट मोठं दाखवणारं भिंग, स्वतःचं, कारण तिथली भिंगं ओरखडलेली असतात. डोक्याचा दिवा आणि जास्तीच्या बॅटऱ्या. हात धुण्याचं जेल, प्रत्येक पापणीनंतर वापरायचं, नाहीतर एका पोराचा जंतू तुम्हीच दुसऱ्याच्या डोळ्यात घालाल. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. जाड पुठ्ठ्याची एक वही. आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात केबेलेच्या आरोग्य चौकीत काम करणाऱ्या दोघी आरोग्यसेविकांबरोबर बसा. २००३ पासून इथिओपियाने गावोगावी नेमलेल्या या मुलींना घर आणि घर ठाऊक असतं. त्यांच्याकडून मागच्या वर्षीची वही मागून घ्या आणि राहिलेल्यांची नावं तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवा, वडिलांच्या नावासकट, कारण एकेका गावात चार-चार अल्माझ आणि पाच-पाच टेस्फाये असतात.